मोकळ्या मुलखातली नवखी

चैत्र उतरणीला लागला की दहिवलीतल्या आमच्या गॅलरीत दुपार कलताना धुराचा वास येतो. पूर्वीइतका येत नाही, पण येतो. नदीपलीकडे फार्महाउसांच्या कुंपणांमधून उरलेल्या एखाद्या तुकड्यावर अजून कुणीतरी राब भाजतं. भाताचं रोप जिथे करायचं तेवढ्या जागेवर शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या पसरायच्या, वर बारीक माती भुरभुरवायची आणि वारा पडला की पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमानं येतं. या वासानं लोकांना म्हणे गाव आठवतं आणि बरं वाटतं. मला थकायला होतं. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून, असं काहीतरी तो वास सांगतो, आणि पहिल्यापासून कशालाही सुरुवात करायची माझी आता अजिबात तयारी नाही.

यंदा वास आला तेव्हा मी आणि वहिनी टीव्हीसमोर बसून एका बाईला डोंगरावरून खाली आणत होतो. ही बाई खरी नव्हे, व्हिडिओ गेममधली. वहिनीचा मुलगा पराग, माझा भाचा, कॅनडाला गेला तेव्हा ते यंत्र इथेच ठेवून गेला. दादा, म्हणजे माझा भाऊ, गेल्या वर्षी वारला. त्यानंतर दोन म्हाताऱ्या दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हे परागला तिकडून फोनवर दिसायचं, म्हणून त्यानं आम्हाला हा खेळ लावून दिला. मी तालुक्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. नोकरी संपली तरी बोटं चालतात, तेव्हा बटणं मी दाबायची. वहिनीला बटणं सापडत नाहीत, पण नजर पक्की, तेव्हा कुठे जायचं ते तिनं सांगायचं. आम्हा दोघींची मिळून ती एक बाई चालते.

खेळ म्हणजे एक अख्खा मुलूख. डोंगर, रानं, नद्या, पडके किल्ले, बाजाराची गावं, आग ओकत येणारे उडते अजगर, चेटूक करणारे म्हातारे. सुरुवातीलाच कोणीतरी दमात घेऊन सांगतं की राज्यावर संकट आलंय, ताबडतोब राजाकडे जा. मग एक दार उघडतं आणि तुम्ही उघड्यावर. वाट सांगायला कोणी नाही. नकाशा आहे, पण कोरा. जिथून चालून जाल तेवढाच उमटतो. "मग जायचं कुठं?" मी परागला विचारलं होतं. "कुठंही, आत्या. तीच तर मजा आहे," तो म्हणाला. मला त्यात काडीची मजा वाटली नाही. या वयात माणसाला कुठंही जायचं नसतं, आणि गेलंच तर लवकर परत यायचं असतं.

पण पोरगं कळवळून सांगत होतं. चेहरा निवडण्यात वेळ घालवू नका, ही त्याची पहिली सूचना. आम्ही एक अख्खी दुपार चेहऱ्यातच घालवली, कारण वहिनीला नथ शोभेल असं नाक हवं होतं. नथ त्या खेळात मिळतच नाही हे नंतर कळलं. नाव मात्र वहिनीनं चटकन ठेवलं, हौसा. पुढच्या सूचना आम्ही जरा बऱ्या पाळल्या. राजाकडे धावत सुटू नका, तुम्ही वर्षभर रानात हिंडत बसलात तरी ते संकट तिथेच थांबून राहतं. वाटेत भेटेल त्याच्याशी बोला. आपल्याहून दांडगं जनावर दिसलं तर पळून जा, पळालात म्हणून कोणी नावं ठेवत नाही. गुहेत शिरण्याआधी खेळ सेव्ह करा. औषधं जपून ठेवू नका, लोक शेवटासाठी साठवतात आणि शेवट आला तरी पिशवी भरलेलीच असते. आणि मुख्य म्हणजे, दिसेल ते उचलू नका.

शेवटचं वहिनीला मुळीच पटलं नाही. "ती बादली घे गं," ती म्हणायची. "अगं पण बादलीचं काय करायचं?" "घे तर. कामाला येईल." बादली, थाळे, कोबीचे गड्डे, कुणाच्या तरी उशाखालची मेणबत्ती. एका लाकूडतोड्याच्या खोपटाबाहेर सरपणाची रास दिसली तशी ती सोफ्यावरून पुढे सरकली. "चांगली वाळलेली हायती. सगळी घे." मी सगळी घेतली. आणि हौसा धावायची बंद झाली. पाय ओढत, एकेक पाऊल टाकत चालू लागली. पडद्यावर पाटी आली की ओझं फार झालंय. मागून लांडगा येत होता आणि आमची हौसा सरपण घेऊन लोकांच्या लग्नाला निघाल्यासारखी चालली होती. मी हसत सुटले. म्हटलं, "वहिनी, राब घरात आणलास बघ पुन्हा." तीही हसली. तेवढ्यात लांडग्यानं हौसाला खाल्लं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कशेळ्याच्या पुढे, मुरबाडचा रस्ता सोडून आत आमचं गाव. फाल्गुनात दादाचं लग्न झालं आणि वहिनी घाट उतरून आमच्याकडे आली. करमाळ्याकडची मुलगी. तिकडे ज्वारी आणि ऊन यांखेरीज काही पिकत नाही असं आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत होतं, आणि कोकणाकडे माणसं भाताबरोबर फक्त मासे खातात असं तिच्या माहेरचं. आमच्या घरात मासे महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचे. दोन्हीकडची अक्कल सारखीच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, ती विशीतली. घरात माझ्या बरोबरीचं बोलायला कोणी नव्हतं. माझं एक लग्न ठरता ठरता मोडलं होतं, आणि आई माझ्याशी बोलताना तेवढाच विषय काढायची. त्यामुळे वहिनी आली याचा आनंद दादापेक्षा मलाच जास्त झाला होता. पण पहिले काही दिवस ती माझ्या वाट्याला आलीच नाही. तिला सगळे शिकवत होते. आई म्हणायची, "तांदूळ असं नाय वैरायचं, आधान उकळू दे. त्या वरच्या विहिरीवर जाऊ नको, ती दुसऱ्यांची हाय. म्हशीला मागून हात लावशील तर दात पडतील." शेजारची काकू म्हणायची, "तुमच्यात भाकरी थापतात, आमच्यात आधी उकड काढतात गं बाय." तिच्या हातात तांदळाची भाकरी फाटायची. ती फाटलेली भाकरी स्वतःच्या ताटात ठेवायची आणि मान खाली घालून खायची. मला "वन्सं" म्हणायची. मला तो शब्द फार म्हातारा वाटायचा, पण तिला थांबवायचं कसं ते कळत नव्हतं.

एकदा मी तिला पेज नदीवर नेलं. भर चैत्रात नदीला पाणी बघून ती काठावरच उभी राहिली. वरच्या वीजघरातून सोडलेलं पाणी पेजेला येतं, म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहते, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. ती म्हणाली, "वन्सं, हे पानी असंच जातंय? कुनी भरून न्हाई ठेवत?" मी म्हटलं, "कशात भरून ठेवायचं?" ती विचार करत राहिली. खरंच विचार करत होती. माहेरी तिला पाण्यासाठी आणि सरपणासाठी मैलोन् मैल चालावं लागे. चार काटक्या आणि शेणाची एक गोवरी तिथे वाया जात नसे. हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा नाही.

आणि मग ते घडलं. आम्ही सगळे नात्यातल्या एका लग्नाला दुसऱ्या गावी गेलो होतो. वहिनीच्या पायात काटा मोडला होता म्हणून तिला घरीच ठेवलं. घरामागच्या शेतात दादानं राब रचून ठेवला होता. हिवाळ्यात तोडलेलं कवळ, म्हणजे पानांसकटच्या फांद्या, उन्हात कडक वाळल्या होत्या. त्यावर शेण, गळलेल्या पानांचा पातेरा आणि माती. वारा जरा पडला की भाजायचं. त्या दिवशी दुपारी माथेरानच्या बाजूला आभाळ काळं झालं. पाऊस आला नाहीच, आमच्याकडे त्या दिवसांत असं आभाळ येतं आणि जातं. पण वहिनीनं मागचं दार उघडून पाहिलं तर वर्षभराचं सरपण उघड्यावर मांडलेलं, आणि वर आभाळ भरलेलं.

तिनं तो सगळा राब घरात आणला. दुखऱ्या पायानं, टोपल्या भरभरून. फांद्या झटकल्या, शेणाची वाळकी ढेकळं वेगळी केली, पातेरा गोणत्यात कोंबला. पडवीत छपराला लागेपर्यंत रास रचली, इतकी नेटकी की कोणीही शाबासकी द्यावी. आम्ही परतलो तेव्हा ती दमून पायरीवर बसली होती आणि आमच्याकडे बघून हसली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. वाचवलं सगळं, असं तिच्या तोंडावर होतं.

आईनं कपाळाला हात लावला. "अगं बाय माझे, हा राब हाय! हा जाळायचा असतो!" वहिनीला कळेना. जाळायचा? एवढं सरपण? उघड्यावर? चूल नाही, भांडं नाही, नुसतंच जाळायचं? तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला हसू आलं. मी हसले म्हणून काकू हसली, आणि काकू हसली म्हणजे गाव हसलं. पुढच्या बाजारात कशेळ्याला भाजीवाल्या बाईनंही मला विचारलं, "तुमच्याच घरात काय गं, घाटावरच्या सुनेनं राब पडवीत भाजला?" भाजला नव्हता, पण गोष्ट चालत चालत तिथवर गेली होती.

दादा मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो एकेक फांदी पुन्हा बाहेर नेऊ लागला. वहिनी मागे उभी राहिली, मग तीही नेऊ लागली, मग मी. रास अर्धी झाल्यावर दादा तिला म्हणाला, "घरात आणलंस ना? फेकलं तर नाय. चालतंय." त्या माणसाला आयुष्यात याहून गोड बोलता आलं नाही, आणि मला वाटतं त्याची गरजही नव्हती. राब पेटला तेव्हा वारा पडला होता. धूर आडवा पसरला, आम्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली. वहिनी राखेकडे बघत म्हणाली, "आता ह्यात काय राह्यलं?" दादा म्हणाला, "आता ह्यातच भात."

पण ती खचली होती. त्याच आठवड्यात पाणी भरताना ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, अक्षय तृतीयेला माजा भाऊ न्यायला येनार हाय. मी परत न्हाई येनार. तुमी कुनाला सांगू नका." मी तिला समजावलं नाही, मला समजावता येत नव्हतं. एवढंच म्हटलं, "मग तोवर शिकू नको काही. चूल बिल राहू दे. तू नुसती माझ्याबरोबर हिंड."

आणि आम्ही हिंडलो. कामं आटपून दुपारी बाहेर पडायचो. करवंदांच्या जाळ्यांत शिरून हात ओरबाडून घ्यायचो. तिच्या माहेराकडे करवंदं नव्हती, तिला चिकाची सवय नव्हती, ओठ काळे-पांढरे व्हायचे. डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीत जायचो, तिथल्या बायकांची बोली मलाही अर्धीच कळायची, पण वहिनी बिनधास्त बोलायची आणि त्या बिनधास्त उत्तर द्यायच्या. एका म्हातारीनं तिला मोहाची फुलं कशी वाळवायची ते दाखवलं. एका ओढ्यापाशी रानडुक्कर दिसलं तेव्हा आम्ही दोघी इतक्या जोरात पळालो की माझी चप्पल अजून तिथेच असेल. संध्याकाळी सगळीकडून राबांचा धूर उठायचा. वहिनी बोट दाखवून विचारायची, "तो कुनाचा? तो?" आणि मी नावं सांगायचे. आईनं एकदा विचारलं, "कुठं फिरवतेस तिला रानोमाळ?" मी म्हटलं, "दाखवते गं." कशाला दाखवतेय, हे मला माझंही नीट ठाऊक नव्हतं. जाणाऱ्या माणसाला कोणी मुलूख दाखवतं का?

भाऊ आला. ती गेली. जाताना तिनं ट्रंक भरली ती सगळी, एकही लुगडं मागे ठेवलं नाही. आई म्हणाली, "केवढं सामान!" मी ट्रंकेची एक कडी धरली. कशेळ्याच्या स्टँडवर एसटी निघाली तेव्हा तिनं खिडकीतून हात केला आणि मी घरी येऊन पडवी झाडली. त्या दिवशी पडवी दोनदा झाडली.

पेरणीच्या तोंडावर ती परत आली. ट्रंक तशीच जड. मी विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं. "तिकडं समदी इचारायची, तिकडं काय हाय, कसं हाय. मी सांगत बसायची. नदी सांगितली, राब सांगितला, तुमचं डुक्कर सांगितलं. सांगता सांगता मलाच इकडची आठवन याया लागली." मग थांबून म्हणाली, "मी तुला शालन म्हनू का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या आहोत. दादा मध्ये होता, पराग झाला, माझी नोकरी झाली, माझं लग्न झालं नाही, गाव सुटून दहिवलीत आलो. पण ती ज्या मुलखात नवखी होती तिथे ती मला घेऊन रुळली, आणि माझाच मुलूख मला तिच्यामुळे दिसला.

आता पराग तिला न्यायचं म्हणतो. सुनेला दिवस गेलेत. थोड्या दिवसांसाठी नाही, कायमचं. कागदपत्रं झाली, तिकीट आलं. मला तो फोनवर म्हणाला, "आत्या, तुझंही बघतोय मी, पण तुझं नियमात बसत नाही." चांगला मुलगा आहे, खोटं बोलत नाही. मी म्हटलं, "अरे, मला कुठं यायचंय." हेही खोटं नव्हतं. मला कुठेच जायचं नाही. फक्त तिनंही जाऊ नये असं मला वाटतं, आणि ते म्हणायला तोंड उघडत नाही. लेकाकडे, होणाऱ्या नातवंडाकडे चाललेल्या बाईला थांब म्हणायचा हक्क कुठल्या नात्यात बसतो, तेही बघायला हवं.

जायच्या आधी बर्फ बघायचा असा वहिनीनं हट्ट धरला. खेळातला. मुलखाच्या उत्तरेला बर्फाळ डोंगर आहेत असं पराग म्हणाला होता. "थंडी कशी असती ते एकदा बघू दे," ती म्हणाली, आणि आम्ही रोज दुपारी हौसाला थोडंथोडं वर चढवू लागलो. वाटेत दोनदा अजगरानं जाळलं, एकदा मीच चुकीचं बटण दाबून कड्यावरून टाकलं. शेवटी बर्फ लागला. पडदा पांढरा झाला. वहिनी बराच वेळ बघत राहिली. "हितं माणसं काय करत असतील गं दिवसभर?" तिनं विचारलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि गॅलरीतून धुराचा वास येत होता. मला तिची इतकी कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त, की मी टीव्ही बंद केला.

काल दुपारी तिच्या बॅगा भरत होतो. विमानात वजन ठरलेलं असतं, आणि ती मसाला, कोकम, कुरडया, शेवटी वरवंटासुद्धा घालायला निघाली होती. मी काढत होते, ती घालत होती. आणि काढता काढता मी तिला सांगू लागले, जणू मीच तिथे राहून आले आहे. म्हटलं, पहिले काही दिवस घरातलं काही हातात घेऊ नको, सून करील तसं करू दे. नुसती बाहेर पड. रस्ते बघ. दिसेल त्याच्याशी बोल, भाषा येत नसली तरी बोल. जमत नसेल तिथून सरळ निघून ये, लाज कसली. गुडघ्याचं औषध वेळच्या वेळी घे, पुरवून पुरवून वापरू नको. एकदम सगळं आपलंसं करायला जाऊ नको. मी बोलत राहिले. माझा आवाज मलाच दमलेला ऐकू येत होता, पण थांबवत नव्हतं, कारण थांबले असते तर दुसरंच काहीतरी बोलले असते.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातली कोकमाची पिशवी काढून बाजूला ठेवली.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता हे सगळं मी तुला सांगते, ते ऐक. मला तिकडं लेक हाय, सून हाय, आज ना उद्या नातवंड मांडीवर येईल. घर भरलेलं हाय, मला कोण काय इचारणार नाय असं होणारच नाय. नवीन मुलखात मी नाय चालले, शालन. नवीन मुलूख हितं सुरू होतोय. ह्या घरात. आणि त्यात तू एकटी हायस."

दादा गेला तेव्हा मी रडले नव्हते, तिला सांभाळायचं होतं. तिकीट आलं तेव्हाही रडले नाही. आता मी तोंड फिरवून बॅगेची चेन ओढू लागले. ती अडकली होती.

वहिनीनं माझा हात धरला. "राहू दे ती चेन," ती म्हणाली. "रडायचं तर आत्ता रड. मी हाय तवर."